ज्ञानवापी
ज्ञानवापी : वाराणसीतील (काशी) विहीर व परिसर. येथील ज्ञानवापी मशीद आणि काशी विश्वनाथ मंदिर एकमेकांना लागून आहेत. मशिदीच्या जागेवर हिंदू व मुसलमान दोघेही हक्क सांगतात.

पैठणहून काशीला आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वनाथाचे मंदिर उभारले. तोडरमलाचे साहाय्य त्यास लाभले, असे परंपरा मानते. औरंगजेबाच्या हुकुमाने ते 1669 मध्ये पाडले गेले व तेथे मशीद झाली. मशिदीच्या मागील भिंतीत मंदिराचे अवशेष आजही उघड दिसतात.

मराठ्यांचा या जागेशी संबंध जुना आहे. मल्हारराव होळकरांनी 1742 च्या सुमारास मशीद पाडण्याचा बेत केला. पण सत्ताधीशांचा कोप आपल्यावर ओढवेल, या धास्तीने काशीतील ब्राह्मणांनीच त्यास विरोध केला. पुढे अहिल्याबाई होळकरांनी मशिदीला हात न लावता शेजारी 1780 मध्ये सध्याचे मंदिर बांधले. विहिरीवरील मंडप 1828 मध्ये बायजाबाई शिंदे यांनी उभारला.

न्यायालयीन वाद 1936 पासूनचा. 1991 च्या उपासनास्थळ कायद्याने 15 ऑगस्ट 1947 रोजीचे धार्मिक स्वरूप कायम ठेवले. तो येथे कितपत लागू होतो, हाच वादाचा गाभा. पुरातत्त्व खात्याने मशिदीपूर्वी येथे भव्य मंदिर असल्याचा निष्कर्ष काढला. मशीद समितीला तो अमान्य आहे. 31 जानेवारी 2024 रोजी जिल्हा न्यायालयाने दक्षिणेकडील तळघरात पूजेची मुभा दिली. मशिदीत नमाज चालू आहे.