मार्सेयला तीन दिवस: नाशिककरांनी कुठे थांबायचं?

पेठहून बोलतोय. आजचा एपिसोड ट्रॅव्हल आणि इतिहास, दोन्हींचा. युरोपला जाणारे आपले बरेच मित्र पॅरिस बघतात, स्वित्झर्लंड बघतात आणि परत येतात. माझं म्हणणं, मध्ये तीन दिवस मार्सेयला द्या. पॅरिसहून वेगवान रेल्वेने साधारण साडेतीन तास. शेंगेन व्हिसा तोच चालतो.

पहिला दिवस जुन्या बंदराचा. ग्रीक व्यापाऱ्यांनी इ.स.पूर्व ६००च्या सुमारास वसवलेलं हे शहर. सकाळी धक्क्यावर मासळीबाजार, मागे ल पानिएच्या अरुंद गल्ल्या, वर टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द चर्च. तिथून अख्खा समुद्र दिसतो.

दुसरा दिवस आपल्या गोष्टीचा. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. म्हणजे पेठ तालुकाही ज्याच्या हाताखाली होता, तो कलेक्टर. पिस्तुलं लंडनहून आल्याचा आरोप भगूरच्या विनायक सावरकरांवर आला. मार्च १९१०मध्ये त्यांना लंडनला पकडलं आणि पुढे 'मोरिया' जहाजातून मुंबईकडे रवाना केलं. जहाज मार्सेयला थांबलं. ८ जुलैच्या पहाटे सावरकरांनी शौचालयाच्या गोल खिडकीतून उडी मारली.

आपल्याकडे ते मैलोन्मैल पोहल्याच्या गोष्टी सांगतात. पण जहाज बंदरातच होतं. खरा मुद्दा पोहण्याचा नाहीच, किनाऱ्याला पाय लागण्याचा आहे. ती जमीन फ्रान्सची. तिथे ब्रिटिश पोलिसांचा अधिकार चालत नाही. पण एका फ्रेंच शिपायानेच त्यांना धरलं, जहाजावरून उतरलेल्या तिघांनी मदत केली, आणि कैदी परत जहाजावर.

फ्रान्सने त्यांना परत मागितलं. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. आता तारखा बघा. मुंबईत पहिली जन्मठेप डिसेंबर १९१०मध्ये, दुसरी जानेवारी १९११मध्ये, मिळून ५० वर्षं. लवादाचा निकाल आला २४ फेब्रुवारी १९११ला! लवाद म्हणाला, अटक आणि ताबा देण्यात अनियमितता झाली, पण कैदी परत करायला ब्रिटनला भाग पाडणारा नियम नाही. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, प्रश्न उरतोच: चूक मान्य, पण भरपाई नाही, तर मग कायदा कोणासाठी?

तिसऱ्या दिवशी माझार्गच्या युद्ध स्मशानभूमीत जा. सप्टेंबर १९१४मध्ये भारतीय फौज याच बंदरात उतरली होती. पहिल्या महायुद्धात गेलेल्या अनेक भारतीय सैनिकांची स्मृती तिथे जपली आहे. दुपारी कालांक नॅशनल पार्कच्या कड्यांवर फिरा. उन्हाळ्यात आगीच्या धोक्यामुळे वाटा बंद असतात, आधी चेक करा. मिस्त्राल वारा सुटला तर थंडी वाजते, जॅकेट ठेवा.

तुमच्या ग्रुपमध्ये कोणी युरोपचं प्लॅनिंग करत असेल, तर हा एपिसोड त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात!