एका दिवसाची सहल : बेलफास्ट ते डनलूस

उत्तर आयर्लंडातील बेलफास्ट शहरातून सकाळी काही आरामबसगाड्या निघतात आणि अँट्रिमचा समुद्रकिनारा हिंडून संध्याकाळी परत येतात. गाडीत निरनिराळ्या देशांची माणसे असतात. त्यांतील पुष्कळांना आयर्लंडच्या इतिहासाचे काडीचे वेड नसते. ती आलेली असतात एका दूरचित्रवाणी मालिकेपायी. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही ती मालिका. एका अमेरिकन वाहिनीने २०११ ते २०१९ या काळात तिचे आठ पर्व, एकूण ७३ भाग दाखविले. गोष्ट सर्वस्वी कल्पित : सात राज्ये, एक लोखंडी सिंहासन, आणि त्याच्यासाठी चाललेल्या कत्तली. पण तिचे चित्रीकरण ज्या जागी झाले त्या जागा खऱ्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याच उत्तर आयर्लंडात आहेत. वाटाड्या सांगतो, "येथे अमक्या राजाची छावणी होती, येथे तमक्याचा वध झाला." प्रवासी छायाचित्रे काढतात. काही ठिकाणी झगे घालून तलवारही हातात घेता येते. अधूनमधून खरेखुरे किल्लेही लागतात, आणि त्या गडबडीत खरा राजा कोणता व पडद्यावरचा कोणता याचा प्रवाशांना विसर पडतो.

इतिहासाच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आम्ही जन्मभर कामगारांच्या संघटनेचे काम केले. कोणत्याही इमारतीपुढे उभे राहिलो की येथे माणसे किती खपली, मजुरी काय मिळाली, मेले किती, हे प्रश्न आधी मनात येतात. ही खोड आता जाणार नाही. ती घेऊनच आम्ही या सहलीविषयी मिळेल ते वाचले, नकाशावर बोट ठेवून एकेक मुक्काम तपासला, आणि एक गोष्ट ध्यानात आली : पडद्यावर राजेरजवाड्यांच्या म्हणून दाखविलेल्या जागांपैकी कितीतरी मुळात कष्टाच्या जागा आहेत. कुठे खाण, कुठे कोळ्यांचा पूल, कुठे गोठ्याचे आवार, कुठे जहाजांचा कारखाना.

आधी रस्ताच घ्या. लार्न गावापासून उत्तरेला जाणारा किनाऱ्याचा रस्ता हा या सहलीचा निम्मा आनंद. एका बाजूला चुनखडीचे पांढरे कडे, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये जेमतेम रस्ता मावेल एवढी पट्टी. ही पट्टी निसर्गाने दिलेली नाही. १८३२ ते १८४२ या दहा वर्षांत विल्यम बाल्ड नावाच्या स्कॉटिश अभियंत्याच्या देखरेखीखाली ती तयार झाली. बाल्डची युक्ती अशी की, कड्यात सुरुंग लावून खडक खाली किनाऱ्यावर पाडावयाचा आणि त्या पडलेल्या दगडांवरच रस्ता बांधावयाचा. तोपर्यंत तेथील खोऱ्यांतल्या लोकांना आपल्याच मुलखात आत जाण्यापेक्षा होडीने स्कॉटलंडला जाणे सोपे पडे. रस्त्याची कल्पना बाल्डची खरी. पण दोरावर लोंबकळून कड्याला भोके पाडली, दारू ठासली आणि दगड फोडले ते त्या खोऱ्यांतल्या माणसांनी. त्यांचा उल्लेख होतो तो 'खोऱ्यांतली माणसे' असा, घाऊक. पुढे तीनच वर्षांनी, १८४५ मध्ये, आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले आणि तो भीषण दुष्काळ पडला. त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. त्या वेळी दुष्काळी कामे म्हणून पुष्कळ रस्ते निघाले. त्यांतले काही आजही कुठेच पोहोचत नाहीत. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, किंवा ज्यांच्या घरची माणसे तेथे बसली होती, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

वाटेत कॅरिकफर्गसचा किल्ला लागतो. जॉन द कूर्सी या नॉर्मन सरदाराने ११७७ नंतर तो बांधावयास घेतला, आणि १९२८ पर्यंत तो लष्कराच्या ताब्यात होता. म्हणजे साडेसातशे वर्षे त्याने नोकरी केली असे म्हणावे लागेल. १६९० साली राजा विल्यम येथेच उतरला, हे वाटाड्या हमखास सांगतो. याच गावात १७९७ साली विल्यम ऑर या शेतकऱ्याला फाशी दिले, हे मात्र सांगायचे बहुधा राहून जाते. 'संयुक्त आयरिश' चळवळीची शपथ दोन सैनिकांना दिली, हा त्याच्यावरचा आरोप होता. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांनी मिळून इंग्रजी सत्तेशी झगडावे, अशी ती चळवळ. हा धागा पुढे बेलफास्टात पुन्हा लागणार आहे.

उत्तर किनाऱ्यावर लॅरीबेन येते. मालिकेत येथे एका राजाची छावणी पडली होती. प्रत्यक्षात ही चुनखडीची जुनी खाण. तो मोकळा चौक सुरुंगांनी कडा खाऊन झालेला आहे. जवळचे बॅलिनटॉय बंदर मालिकेत समुद्री लुटारूंच्या बेटाचे बंदर झाले. एके काळी येथून चुना आणि फरसबंदीचे दगड गलबतात भरले जात, आणि चुन्याची भट्टी अजून तेथे उभी आहे. लॅरीबेनजवळच कॅरिक-अ-रीडचा झुलता दोरपूल. लांबी वीस मीटर, खाली समुद्र तीस मीटरवर. आज तिकीट काढून, रांग लावून, पोटात गोळा आणून घेण्यासाठी लोक तो ओलांडतात. रावस मासे पकडणारे कोळी १७५५ पासून दर हंगामात असा पूल टाकीत, कारण माशांची वाट त्या खडकाच्या पलीकडून जाई. पूर्वी पुलाला आधाराचा दोर एकच असे, आणि फळ्याही दूर दूर. त्यावरून कोळी पाठीवर माशांचे ओझे घेऊन येत. मासळी घटत गेली; २००२ साली तेथली मासेमारी संपली. पूल राहिला तो प्रवाशांसाठी.

आता डनलूस. कड्याच्या टोकावर, तिन्ही बाजूंनी समुद्र, असा हा पडका किल्ला पाहून आपल्या सिंधुदुर्ग-विजयदुर्गाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्याच्याच आकृतीवर संगणकाची कारागिरी करून मालिकेतला एक राजवाडा उभा केला. खरा इतिहास त्याहून कमी नाट्यमय नाही. किल्ला मॅकडॉनेल घराण्याचा. १५८८ च्या ऑक्टोबरात स्पॅनिश आरमारातले 'गिरोना' हे जहाज जवळच फुटले; त्यावर सुमारे तेराशे माणसे होती, वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. मॅकडॉनेलांनी जहाजावरच्या तोफा काढून गडावर नेल्या. बुडालेले सोनेनाणे पाणबुड्यांनी १९६७ नंतर वर काढले; ते आज बेलफास्टच्या संग्रहालयात आहे. सतराव्या शतकात गडाच्या पायथ्याशी एक गाव वसविले होते. १६४१ च्या बंडात ते जळाले, आणि अलीकडच्या उत्खननात त्याच्या फरसबंदी गल्ल्या सापडल्या.

पण प्रवाशांना आवडते ती मुदपाकखान्याची गोष्ट. १६३९ साली एका वादळी रात्री गडावर मेजवानीची तयारी चालली असता मुदपाकखाना कड्यासकट समुद्रात कोसळला, आचारी-पाणके सारे बुडाले, आणि कोपऱ्यात बसलेला एक पोऱ्या तेवढा वाचला. गडाच्या मालकिणीने त्यानंतर तेथे राहण्याचे नाकारले. ही आख्यायिका आहे. इतिहाससंशोधक तिला पुरावा मानीत नाहीत. आम्हांला तिच्यातली एक गोष्ट खटकते. मालक दुसरा अर्ल रँडल मॅकडॉनेल, मालकीण कॅथरिन मॅनर्स, हे सर्वांना ठाऊक. वाचलेल्या पोऱ्याचे नाव काय? बुडालेल्या एका तरी आचाऱ्याचे? आख्यायिका रचणाऱ्याने मनाने घालायचीच तर दोन नावे घालायला पैसे पडत नव्हते. आपल्याकडे रायगडावर हिरकणीची कथा तशीच आख्यायिका. पण त्या गवळणीचे नाव बुरुजाला मिळाले. हा फरक लहान नाही.

झाडांच्या कमानीचा रस्ता, ज्याला 'डार्क हेजेस' म्हणतात, त्याबद्दल थोडक्यात. स्टुअर्ट नावाच्या जमीनदाराने आपल्या वाड्याच्या वाटेवर सुमारे १७७५ मध्ये बीचची झाडे लावली. मालिकेत ती क्षणभरच दिसतात. पण गर्दी एवढी लोटली की मुळे दबू लागली आणि २०१७ पासून तेथे मोटारींना मज्जाव करावा लागला. वादळात पडलेल्या झाडांच्या लाकडाचे कोरीव दरवाजे करून निरनिराळ्या खाणावळींना बसविले आहेत.

दुसऱ्या दिशेची एक सहल स्ट्रँगफर्डच्या खाडीकाठी, कॅसल वॉर्डला जाते. १७६० च्या सुमाराचा हा मोठा वाडा गमतीचा आहे. नवऱ्याला ग्रीक-रोमन धाटणी हवी, बायकोला गॉथिक. म्हणून पुढची बाजू एका तऱ्हेची आणि मागची दुसऱ्या. मालिकेतल्या मुख्य घराण्याचा गड येथे झाला. प्रायोगिक भागासाठी वापरलेला स्कॉटलंडातला डून किल्ला मागे पडला. पण चित्रीकरणाला तो झोकदार वाडा निवडला नाही. निवडले ते मागचे शेतीचे आवार : जुना चौकोनी बुरूज, भोवती धान्याची कोठारे आणि तबेले. ज्या अंगणात पहाटे गडीमाणसे दावणीला वैरण टाकीत, त्याच अंगणात आता प्रवासी राजपुत्राचा झगा घालून धनुष्यबाण चालवितात. आमची तक्रार नाही. पोरेबाळे हसतात, तेथल्या तरुणांना काम मिळते. वाटाड्यांपैकी कित्येकांनी मालिकेत गर्दीतला सैनिक म्हणून दिवस काढले आहेत, म्हणजे तेही रोजंदारीचेच लोक.

आणि आता गाडी बेलफास्टला परत येते. शहरात शिरताना 'सॅमसन' आणि 'गोलायथ' या दोन पिवळ्या याऱ्या दिसतात. पहिली १०६ मीटर उंच, दुसरी ९६. ही हार्लंड अँड वुल्फची जहाजगोदी, 'टायटॅनिक' बांधणारी. मालिकेतल्या राजसभा, ते लोखंडी सिंहासन, पुष्कळसे याच आवारातल्या रंगशाळेत उभे राहिले. रंगशाळा म्हणजे नाटकाची नव्हे. जहाजांचे अजस्र भाग ऊनपाऊस लागू न देता रंगविण्याची ती कोठी होती. काम आटले, कोठी रिकामी पडली, आणि चित्रपटवाले आले. बॅनब्रिजला आज मालिकेचे जे प्रदर्शन आहे, २०२२ साली उघडलेले, तेही जुन्या तागाच्या कापडगिरणीच्या जागी. मुंबईकरांना यात नवल वाटणार नाही. कुलाब्याची मुकेश मिल १९८२ च्या आगीनंतर बंद पडली, आणि पुढे 'हम' चित्रपटातले १९९१ सालचे गाजलेले गाणे तेथेच चित्रित झाले. ते गाणे लागले की आमच्या चाळीतले जुने साचेवाले पडद्यावरच्या नाचाकडे पाहायचे सोडून मागच्या भिंती ओळखीत बसत.

या गोदीचा आणि गिरण्यांचा इतिहास कोणत्याही सिंहासनापेक्षा मोलाचा आहे. 'टायटॅनिक' बांधताना आठ कामगार दगावले. १९०७ च्या जानेवारीत जेम्स लार्किन हा गोदी कामगारांचा संघटक लिव्हरपूलहून बेलफास्टला आला. ज्या शहरात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एका गल्लीत राहत नव्हते, तेथे त्याने दोघांना एका संपात उभे केले. गाडीवान त्यांना मिळाले. जुलैत तर पोलिसांनीच कुरकुर करून कामाला नकार दिला. सरकारने सैन्य आणले, ऑगस्टात गोळीबार होऊन दोन माणसे मेली, आणि संप फुटला. १९११ मध्ये तागाच्या गिरणीत मालकांनी नियम केला : काम करताना गाणे, हसणे, बोलणे बंद. मुलींनी काम सोडले. जेम्स कॉनलीने पाहिले की संप टिकणार नाही. त्याने सल्ला दिला : साऱ्या मिळून गात गात आत जा, एकीला दरडावले तर सगळ्यांनी गा, एकीला बाहेर काढले तर सगळ्या बाहेर पडा. त्या तशाच गेल्या. संघटनेवरची जाडजूड पुस्तके आम्ही पुष्कळ चाळली, पण दरवाजासभेत सांगायला याहून बरे काही सापडले नाही.

ही एकी टिकली असती तर उत्तर आयर्लंडाचे पुढचे शतक निराळे गेले असते. १९२० च्या जुलैत याच जहाजगोदीतून हजारो कॅथलिक कामगारांना त्यांच्याच सोबत्यांनी मारून हाकलले. जे प्रॉटेस्टंट समाजवादी होते, कामगार म्हणून एक राहा असे म्हणत होते, त्यांनाही सोडले नाही. मालकाला यात बोट उचलावे लागले नाही. सहलीच्या गाडीत याचा उच्चार होत नसेल तर तो दोष एकट्या वाटाड्याचा नाही. कामगारांच्या संघटनांनाही हे पान उघडायला फार वर्षे जड गेले आहे.

दुसऱ्या महायुद्धात या गोदीत सुमारे पस्तीस हजार माणसे होती. २०१९ च्या मे महिन्यात मालिकेचा शेवटचा भाग जगभर पाहिला गेला. त्याच वर्षीच्या जुलैअखेर, गोदीत सव्वाशेच्या आसपास कामगार उरले असताना, मालक कंपनी बुडाल्यामुळे गोदीला कुलूप लागायची वेळ आली. कामगारांनी दरवाजा ताब्यात घेतला. गोदी वाचवा, असा मोठा फलक लावून ते नऊ आठवडे रात्रंदिवस पहारा करीत बसले. यंत्रे बाहेर जाऊ दिली नाहीत. ऑक्टोबरात नवा खरेदीदार आला आणि फाटक उघडले. २०२४ मध्ये तोही अडचणीत आला, आणि २०२५ च्या जानेवारीत स्पेनच्या सरकारी जहाजकंपनीने गोदी घेतली.