१४. कोरा नमुना
चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर (२६ एप्रिल १९८६) आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्यावरून जो खटला झाला आणि सर्वोच्च न्यायालयात १९८८ साली लोणी निर्धोक ठरून निकाली निघाला, त्यासंबंधीच्या मजकुरात हा शब्द येतो. किरणोत्साराच्या मोजणीचे भांडे रिकामे असले तरी यंत्र आकडा दाखवतेच : भिंतींतले पोटॅशियम, मातीतले थोरियम, अंतराळातून येणारे किरण. म्हणून किरणोत्सार जवळजवळ नसलेला पदार्थ त्याच भांड्यात, तेवढाच वेळ मोजून तो आकडा वजा करतात. हा पदार्थ म्हणजेच कोरा नमुना. लोण्यातले सीझियम-१३७ किलोमागे मोजक्याच बेक्वेरेलचे असेल (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेक्वेरेल), तर सारा निर्णय या वजाबाकीवर तोललेला असतो. ती चुकली की चांगले लोणी दूषित ठरते, किंवा दूषित लोणी लहान मुलांच्या पोळीवर जाते. जोडीला ज्ञात तीव्रतेचा प्रमाण स्रोतही मोजावा लागतो. सीझियम-१३७ सुमारे ३० वर्षांत निम्मे होत असल्याने त्या स्रोतावरची तारीख पाहिल्याशिवाय हिशेब धरता येत नाही. त्या मजकुरात लेखकाने पुढे ‘कोरे’ एवढेच म्हटले आहे तिथेही हाच अर्थ घ्यावा.