रस्त्याचा सीटी स्कॅन

डांबरी रस्ता वरून एकसंध दिसला, तरी तो तीन घटकांचा बनलेला असतो : खडी आणि दगडाची भुकटी, त्यांना बांधून ठेवणारे डांबर आणि हवा. येथे डांबर म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात मागे उरणारे बिटुमेन. मिश्रणाच्या वजनात दगडाचा वाटा सुमारे ९५ टक्के, तर डांबराचा सुमारे ५ टक्के असतो. हवेचे वजन नगण्य असले, तरी रस्त्याचे आयुष्य बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते.

प्रयोगशाळेत मिश्रणाचे प्रमाण ठरवताना साधारणपणे ४ टक्के आकारमान हवेच्या पोकळ्यांसाठी राखले जाते. त्या फारच कमी झाल्या, तर उन्हाने मऊ झालेल्या डांबराला पसरण्यास जागा उरत नाही. ते पृष्ठभागावर येते आणि चाकांखाली रस्ता दबतो. उलट, पोकळ्यांचे प्रमाण ८ टक्क्यांच्या पुढे गेले की त्या एकमेकींना जोडल्या जाऊ लागतात. त्यांतून पाणी आत शिरते, खडीवरचे डांबर सुटते आणि खड्ड्याची सुरुवात होते.

पोकळ्या मोजण्याची रूढ पद्धत आर्किमिडीजच्या तत्त्वावर आधारलेली आहे. नमुना हवेत व पाण्यात तोलून त्याची घनता काढतात आणि पोकळीरहित मिश्रणाच्या घनतेशी ती ताडून पाहतात. यातून पोकळ्या किती, हे कळते. त्या कोठे आहेत, हे कळत नाही. नमुना हिऱ्याच्या करवतीने कापून त्याचे छायाचित्र घेता येते. पण त्यात नमुना नष्ट होतो आणि एकच छेद दिसतो.

ही अडचण वैद्यकातील तंत्राने दूर केली. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये प्रथमच रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले. या तंत्रासाठी त्यांना व अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रस्त्याच्या नमुन्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रात सहसा नमुनाच क्ष-किरणांसमोर फिरतो. अनेक कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून संगणक आडवे छेद तयार करतो. त्यांत दगड पांढरट, डांबर करडे आणि हवा काळी दिसते.

अमेरिकेत व्हर्जिनियातील टर्नर-फेअरबँक महामार्ग संशोधन केंद्रात १९९०च्या दशकाच्या अखेरीस असे काम सुरू झाले. फिरत्या दाबयंत्रात घट्ट केलेल्या १५० मिलिमीटर व्यासाच्या नमुन्यांत पोकळ्या मध्यभागी कमी, तर वरच्या व खालच्या टोकांशी जास्त आढळल्या. म्हणजे सरासरी समाधानकारक असूनही नमुन्याचा एखादा थर सच्छिद्र असू शकतो. पाण्याला वाट मिळते ती अशाच थरातून.

या तंत्रालाही मर्यादा आहेत. दगडाची बारीक भुकटी व डांबर चित्रात वेगळे ओळखता येत नाहीत. काळा रंग नेमका कोठे संपतो, हे ठरवण्यासाठी जुन्या पद्धतीने मोजलेल्या टक्केवारीचाच आधार घ्यावा लागतो. शिवाय रस्त्याचे परीक्षण करायचे, तर त्यातून दंडगोलाकार तुकडा कापून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तराजूने पोकळ्यांचे प्रमाण सांगावे आणि क्ष-किरणांनी त्यांची जागा दाखवावी, अशी ही पद्धती परस्परपूरक आहे.