बावन्न अक्षरांचा मंत्र

मंत्राचं एक अक्षर चुकलं की फळ मिळत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. १९८७ सालच्या जपानी पोरांना हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. त्या जानेवारीत युजी होरी यांच्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या व्हिडिओ खेळाचा दुसरा भाग आला. दोन तरुण राजपुत्र आणि एक राजकन्या दुष्ट पुरोहिताच्या पारिपत्याला निघतात. पण कार्ट्रिजला स्मरणशक्तीच नव्हती! आईनं जेवायला हाक मारली की आधी खेळातला राजा गाठायचा. तो 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' देई. तो कागदावर उतरवायचा आणि उद्या तस्साच भरायचा. १९८६ च्या पहिल्या भागात मंत्र २० अक्षरांचा होता. इथं तो ५२ पर्यंत गेला! त्यात जपानी 'बे'वर दोन रेघोट्या, 'पे'वर इवलंसं वर्तुळ; अंधुक टीव्हीवर दोघे जुळे भाऊ. एवढ्यात फसलं की आठवड्याचा पराक्रम मातीमोल.

१९८८ साली तिसऱ्या भागात बॅटरी आली आणि कार्ट्रिजच सगळं लक्षात ठेवू लागलं. पण कधी कधी तेही विसरे, आणि वर भेसूर संगीत वाजवून तसं कळवी! मला विचाराल तर कागद बरा. तिथं निदान अक्षर आपलं होतं आणि चूकही आपलीच.