किनारा चुकवून गेलेले वादळ

२०१९ सालची दिवाळी आमच्या पेडणे तालुक्यातील किनाऱ्यावरची माणसे सहजी विसरणार नाहीत. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी, २७ ऑक्टोबरला आले होते. पोरांनी रात्री जागून उभे केलेले नरकासुर पावसात भिजून वाकले होते. कापलेले भात शेतातच कुजू लागले होते. समुद्राचे पाणी जाळ्यांच्या मांगरापर्यंत चढले, तेव्हा किनाऱ्यालगतच्या चार कुटुंबांना मी शाळेचे दोन वर्ग उघडून दिले. फराळाचे डबे घेऊन ती माणसे बाकांवर दोन रात्री निजली. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले आणि मंडळी घरी गेली. सुटीनंतर शाळा भरली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी हसून म्हणाले, "सर, ऐन दिवाळीत उगाच माणसांची पळापळ केलीत. वादळ आलेच नाही!"

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला उत्तर सुचायला थोडा वेळ लागतो. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

जे वादळ 'आलेच नाही' त्याचे नाव 'क्यार'. २४ ऑक्टोबरला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा बळावला, २५ तारखेला त्याचे चक्रीवादळ झाले. त्या वेळी ते रत्नागिरीपासून जेमतेम दोनशे-अडीचशे किलोमीटरवर होते. मग त्याने किनाऱ्याकडे पाठ फिरवली आणि ते ओमानच्या दिशेने निघाले. इकडे आपण लक्ष्मीपूजनाची तयारी करत होतो त्याच दिवशी, भर समुद्रात, ते महाचक्रीवादळ झाले. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या घरात गेला. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात इतके प्रबळ वादळ झाले नव्हते. चक्रीवादळ स्वतःच्या मनाने चालत नाही. वरच्या थरातील वारे त्याला ज्या बाजूला ढकलतील त्या बाजूला ते जाते. वाऱ्याचा कल बदलला, म्हणून आपण वाचलो. त्यात आपली कर्तबगारी काहीच नव्हती.

आणि वाचलो म्हणजे तरी किती? बंदरातून सुटलेले एक जहाज २४ तारखेला वाहत येऊन दोनापावलाजवळ खडकात रुतले. जहाजात नाफ्था होता आणि माणूस एकही नव्हता. मुंबईपासून दूर समुद्रात बुडणाऱ्या नौकेवरील १७ खलाशांना नौदलाच्या 'तेग' या युद्धनौकेने उचलून घेतले. देवगडच्या सुरक्षित बंदरात परप्रांतीच्या नौका आसऱ्याला आल्या. वादळ हुकले ते जमिनीपुरते. पाण्यावरच्या माणसाला ते लागलेच होते.

हुकलेल्या वादळाची नोंद इतिहासात सहसा होत नाही. ती न झाल्यामुळे काय घोटाळा होतो याचे मुंबईइतके चांगले उदाहरण नाही. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ आदळले आणि त्यात एक लाख माणसे मेली, असे अनेक पुस्तकांत व याद्यांत छापलेले आढळते. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे शहरातला दर आठवा माणूस एका दिवसात गेला असे मानावे लागेल! १८९१ च्या जनगणनेत हीच लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास भरते. एवढा संहार झाला असता तर वर्तमानपत्रे, बंदराचे दप्तर, नगरपालिकेचे अहवाल यांत त्याचे पडसाद उमटलेच असते. संशोधकांनी समकालीन कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा अशा वादळाचा मागमूसही सापडला नाही. एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत गेलेली ती एक दंतकथा ठरली.

याउलट जे खरोखर घडले त्याचे काय? नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे असल्याने लोक तिला 'वीजळी' म्हणत. बडोद्याकडच्या वाचकांनी तिची गुजराती लोकगीते ऐकली असतील. मराठी पाठ्यपुस्तकात मात्र ती मला कधी भेटली नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला वादळाचा खरा तडाखा बसला. तो आज किती मुंबईकरांना ठाऊक आहे? न घडलेले लक्षात राहिले, घडलेले पुसले गेले, आणि थोडक्यात टळलेले तर कुणी लिहूनही ठेवले नाही. मग आपल्या किनाऱ्यावर वादळे येतच नाहीत, ती बंगालच्या उपसागराची मिरासदारी, अशी समजूत झाली तर नवल काय?

आपल्या पंचांगातही याचे एक कारण दडलेले आहे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या शांत झाला असे आपण मानतो. पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रापुरता हा हिशेब अगदी बरोबर आहे. परंतु अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दिवस निराळे. ऐन पावसाळ्यात वरचे आणि खालचे वारे एकमेकांविरुद्ध वाहत असल्यामुळे वादळाचा भोवरा उभा राहू शकत नाही. तो उभा राहतो पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये, आणि पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. म्हणजे नेमक्या मासेमारीच्या भरात, नौका खोल पाण्यात असताना. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. मुंबईत लोक लवकर घरी परतले, संध्याकाळपर्यंत विशेष काही झाले नाही, आणि दुसऱ्या दिवशी हवामान खात्यावर विनोद सुरू झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या घरचे खलाशी परत आले नाहीत, त्या घरांत मात्र कुणी हसले नाही.

हुकलेल्या वादळातून खरा धडा कसा घ्यावा, हे शेजारच्या गुजरातने दाखवले आहे. ९ जून १९९८ च्या वादळाने कांडला परिसरात हजाराहून अधिक माणसे मारली; त्यांत मिठागरांवरचे मजूर फार होते. त्यानंतर एकवीस वर्षांनी, जून २०१९ मध्ये 'वायू' सौराष्ट्राच्या रोखाने येऊ लागले. अडीच लाखांहून अधिक माणसे हलवण्यात आली. आणि १३ जूनला ते वादळ वेरावळच्या तोंडाशी येऊन बाजूला वळले! एवढा खर्च, एवढी दगदग, सगळे फुकट गेले असे म्हणणारे तेथेही असतीलच. परंतु कोणत्या गावाला किती बस लागतात, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, गुरांचे काय करायचे, कोणत्या शाळेत पाणी नाही, हे त्या फुकट गेलेल्या दिवसांत कळले. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' कच्छात जखाऊजवळ खरोखर आदळले, तेव्हा लाखाच्या आसपास माणसे आधीच सुरक्षित जागी होती. पडझड प्रचंड झाली, मनुष्यहानी मात्र अगदी थोडी. ओडिशाचा अनुभवही हाच. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या 'फायलिन'मध्ये तो आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले आणि माणसे हलवण्याची सवय मुरली.

आपल्या बाजूचे चित्र संमिश्र आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' येणार म्हणून मुंबईने श्वास रोखला होता. करोनाचे दिवस, वांद्र्याच्या तात्पुरत्या इस्पितळातील रुग्णसुद्धा हलवावे लागले. वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले आणि मुंबई वाचली. वृत्तवाहिन्यांवर 'संकट टळले' अशी अक्षरे झळकत होती, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या पट्ट्यात माड आणि पोफळी आडव्या होत होत्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या बागा काही तासांत भुईसपाट झाल्या. नवी पोफळ लावून तिला फळ धरेपर्यंत मधली वर्षे घर कशावर चालवायचे, हा प्रश्न 'टळले' या शब्दात बसत नाही. मुंबईचे हुकणे हेच श्रीवर्धनचे लागणे होते.

त्यानंतर मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आमच्या समोरून गेले. १५ तारखेच्या संध्याकाळी मी पुन्हा किल्ल्यांचा जुडगा घेऊन किनाऱ्यावर गेलो. दीड वर्षापूर्वी आलेल्या चार कुटुंबांपैकी एकच यायला तयार झाले. एक वृद्ध मावशी दारातूनच म्हणाल्या, "मागच्या खेपेक कायच जाला नाय, मास्तर. तुमी जावा." मी आग्रह केला नाही. शिक्षकांच्या खोलीतले ते हसणे माझ्याही मनात कुठेतरी राहिले असावे. पहाटे त्यांच्या पडवीवर माड कोसळला. मावशी मधल्या खोलीत निजल्या होत्या, म्हणून बचावल्या. मी आग्रह का केला नाही, हे त्यांनी मला कधी विचारले नाही; मी मात्र स्वतःला विचारत आलो आहे.

दुसरी चूक तर सर्वस्वी माझीच होती. शाळेच्या विहिरीवर पंप बसवला तेव्हा रहाट काढून अडगळीत टाकायला मीच सांगितले होते. वादळात विजेचे खांब पडले आणि चार दिवस वीज नव्हती. विहीर तुडुंब, आणि प्यायला पाणी नाही! निवारा उघडणाऱ्या मुख्याध्यापकाला रहाटाची आठवण झाली नव्हती. 'तौक्ते' आम्हाला चाटून पुढे गेले आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात आदळले. त्याच दिवशी मुंबईजवळच्या समुद्रात एक बार्ज आणि एक टगबोट बुडून ऐंशीहून अधिक माणसे गेली. इशारा दिला गेला होता, तरी ती पाण्यावरच राहिली होती.

इशाऱ्याबद्दल आपल्यासारख्या दुभाषी मुलखाने आणखी एक विचार केला पाहिजे. मोबाइलवर इंग्रजीत 'ऑरेंज अलर्ट' येतो. कारवारकडे सरकारी सूचना कानडीत 'चंडमारुत' म्हणते, मराठी वर्तमानपत्र 'चक्रीवादळ' लिहिते आणि घरातली म्हातारी 'वावधान' म्हणते. चारही शब्द एकाच संकटाचे, पण ऐकणाऱ्याला ती चार निरनिराळी वाटू शकतात. जुन्या तांडेलाला बंदरावरचा तीन नंबरचा बावटा दिसला की आणखी भाषांतर लागत नसे. तो होडी वर ओढायला लागे. आज त्या बावट्याचे काम घरातल्या शाळकरी मुलाने करायला हवे. त्याला चारही शब्द येतात.

म्हणून आमच्या शाळेत २०२१ च्या पावसाळ्यापासून एक वही ठेवली आहे. मुलांनी तिला 'वादळवही' असे नाव दिले आहे. आलेल्या वादळांपेक्षा न आलेल्या वादळांची नोंद तिच्यात अधिक काळजीने होते. तारीख, नाव, आपल्यापासून किती दूर गेले, कुठे जाऊन लागले, गावातल्या किती नौका बाहेर होत्या, कोण घर सोडायला तयार नव्हते आणि का, काय तयार होते, काय नव्हते. शेवटच्या रकान्यात पहिल्याच पानावर एका मुलीने लिहिले आहे : 'रहाट नव्हता.' मी ती ओळ खोडू दिली नाही. रहाट आता पुन्हा विहिरीवर आहे, आणि दर महिन्याला एक वर्ग पंप बंद ठेवून त्याच्यावर पाणी काढतो.

दिवाळीला घरोघर चार पिढ्या एकत्र बसतात. किनाऱ्यावरच्या वाचकांनी या वेळी आजी-आजोबांना एवढेच विचारावे, की तुमच्या आठवणीत कोणते वादळ येता येता राहिले, आणि त्या रात्री घरात काय कमी पडले. उत्तर कागदावर लिहून ठेवावे. आमच्या गावच्या त्या मावशींनी आपली हकीकत वादळवहीत स्वतः सांगून लिहवून घेतली आहे. त्यानंतर एकदा समुद्र चढला, वादळ काही आले नाही. पण त्या रात्री शाळेच्या फाटकाशी सर्वांत आधी, हातात पिशवी आणि पिशवीत गोळ्या, कंदील व रेशनकार्ड घेऊन, त्याच उभ्या होत्या.