वेबवरील ‘ळ’चा प्रवास
पनवेलजवळचे ‘कळंबोली’ हे नाव संगणकासाठी सात संकेतांची माळ आहे: क, ळ, अनुस्वार, ब, ओकार, ल, ईकार. युनिकोडपूर्वीच्या अनेक मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर हेच नाव निरर्थक रोमन चिन्हांत विखुरे. शोधूनही सापडत नसे.

१९९१ मध्ये युनिकोडने १९८८ च्या भारतीय ‘इस्की’ संकेतांच्या आधारे देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिले. ‘ळ’च्या वाट्याला ०९३३ आला. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचले. त्यात ‘ळ’ तीन बाइटांत मावतो.

आज वेब विकासक पानाच्या आरंभी यूटीएफ-८ची एक ओळ लिहितो. जुन्या फाँटांतील मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्ये रूपांतरित होईपर्यंत शोधापलीकडेच राहतो.